मे पस्तीस

शिरोलीच्या फाउंड्रीत नवं मशीन बसवायला
लियांग शूवेन आला, वीस दिवसांसाठी.
पन्नाशी उलटलेला, डाव्या कानानं कमी ऐकणारा,
मिसळीचा कट सरकवून नुसता पाव खाणारा.
रोजच्या अहवालावर त्याची सही घेणं माझ्याकडं.

चार जूनला त्यानं तारीख घातली: ३५ मे.
मी हसलो, खोडून नीट केली.
त्यानं पेन मागून घेतलं
आणि खोडलेल्यावरच पुन्हा लिहिलं,
३५ मे.

संध्याकाळी बिंदू चौकात अंगणवाडीच्या बायका बसलेल्या.
अनुसया नेजदार कर्ण्यावरून मंत्र्याची सालं काढत होती,
आणि बंदोबस्ताचा हवालदार
त्यांच्याच किटलीतला चहा फुंकून पीत होता.
लियांग ते बघतच राहिला.
म्हटलं, चला, आपणही चहा घेऊ.
त्याचा चेहरा उतरला.

मोडक्या इंग्रजीत, थोडं फोनला विचारून, थोडं हातांनी सांगितलं त्यानं:
आमच्याकडं चहाला पोलीस बोलावतात.
कधी दोन तासांत सोडतात.
माझ्या मित्राचा कप संपायला अडीच वर्षं लागली.

चौकात आम्हीही बसलेलो. कर्णा माझ्या हातात होता.
मग रणगाडे आले.
(कानाचं मी विचारलं नाही.)
त्यानंतर कर्णा लहान लहान होत गेला.
त्याचं पत्रक झालं,
पत्रकावरची अक्षरं गेली, कोरा कागद उरला.
मग नुसतं फिरायला जाणं, घोषणा न देता,
तुमचे लोक रंकाळ्यावर जातात तसं.
मग एक तारीख, कुठल्याच कॅलेंडरात नसलेली.
तीही पुसतात.
मग दुसरी काढायची.

"म्हणजे भ्यालात की!"
आमच्या जिभेला हाड कुठलं.
तो रागावला नाही.

दुसऱ्या दिवशी फुटलेल्या साच्यापाशी मला घेऊन गेला,
मूठभर काळी वाळू तळव्यावर ठेवली, अजून ऊन होती.
साचा फोडावाच लागतो, म्हणाला,
लाकडी पॅटर्न मात्र कुणाच्या तरी घरी असतो.
कुणाच्या?
त्यानं वाळू झटकली
आणि पाना मागितला.

मार्चमध्ये ऑडिटला सरनोबत आले.
लाल गोल करून म्हणाले, "मे महिना पस्तीस दिवसांचा कधी झाला हो?"
मी पोऱ्याला चहा सांगणार होतो.
थांबलो.
म्हटलं, साहेबांना सरबत आण.
आणि साहेब,
त्या तारखेला हात लावू नका.