उटी

धारूरच्या त्या गल्लीत जीप शिरत नाही.
दोन्ही बाजूंना ओटे, एका ओट्यावर कायमची बाज,
आणि जमीन म्हणजे सुटा मुरूम, किल्ल्याच्या अंगाला चढत गेलेला.
म्हणून डोळे तपासायची आमची गाडी
(गाडी कसली, चाकांवरची खोली,
इंजिन नाही, चौदा क्विंटल वजन)
खाली बारवेपाशी जीपपासून सोडवायची
आणि वरचे साठ हात
ती माझ्या अंगठ्यावर चालवायची.

चाकांना घट्ट चिकटलेले दोन रोलर,
पलंगाखाली बॅटरी,
हातात साबणाच्या वडीएवढा रिमोट.
पोरं म्हणतात, भूत ओढूलालंय.

नूरमामूंनी पहिले आठ दिवस मला चढ दाखवलाच नाही.
मोंढ्यातल्या सपाट फरशीवर पुढं, मागं, पुढं.
"पहले इधर सीख बेटा.
चढ कुठं पळून जाऊलालाय का?"
नवव्या दिवशी टायरातली हवा बघायला लावली,
बॅटरीचा काटा बघायला लावला,
मुरमावरून अनवाणी चालायला लावलं.
"तुझा पाय सरकला तर तिचा बी सरकंल."

दांडी नेहमी चढाकडं.
उताराच्या बाजूला कुणी उभं राहायचं नाही,
मी नाही, तुझा चष्मेवाला डॉक्टर नाही,
ज्याला त्याला वाटतं, हातानं धरून ठेवू.
चौदा क्विंटल हातानं!
करडू आडवं आलं तर पळायचं नाही,
अंगठा उचलायचा. एवढंच.
अंगठा उचलला की ती थांबते.

हे सगळं मला पाठ होतं.

मंगळवारी वर पोचलो तेव्हा
भिंतीच्या सावलीत सत्तर माणसं बसलेली,
कुणी डोळ्याला पदर, कुणी रुमाल.
घाई झाली म्हणा, मिजास म्हणा,
मी रोलर चाकापासून आधी सोडवले.
ब्रेक नंतर ओढणार होते.

मुरूम करकरला.
मला ऐकूच आलं नाही.
रांगेतून सक्राबाई बोलली,
दोन्ही डोळ्यांत दुधाची साय, तोंड भलतीकडंच,
"काय तरी सरकूलालंय गं माय."

वीतभर. वीतभरच सरकली खोली,
आतले चष्मे पेटीत खळखळले,
आणि खट्.

मामू बाजूनं चालत आले होते, मला न सांगता,
आणि चाकाखाली उटी सारून ठेवली होती.
बाभळीची, वडलांच्या बैलगाडीची,
एका कडेला लोखंडी धाव चावल्याची खाच.

ते रागावले नाहीत.
ब्रेक ओढला, दुसऱ्या चाकाला दगड लावला
आणि बाजेवर बसून बिडी पेटवली.
काडी तीनदा विझली.
मग म्हणाले, "अगोदर ब्रेक. मंग उटी. मंग रोलर.
मोटर का भरोसा मोटर जुडी है तब तक."

दिवसभर मी लोकांना तक्त्यासमोर बसवलं.
सक्राबाईला वरचं सगळ्यात मोठं अक्षरही दिसलं नाही.
तिनं विचारलं, "ते लाकूड नीट हाय का अजून?"
मी बाहेर जाऊन बघून आले.
तिचं नाव अंबाजोगाईच्या यादीत लिहिलं, डावा डोळा आधी.

संध्याकाळी उतरताना हात घामेजले.
काटा निम्म्याच्या जरासा वर.
"पुरते," मामू म्हणाले, "पण गप्पा मारायला नाही."
रोलर लावले, ते बसलेत का वाकून बघितलं,
मग उटी काढली, मग ब्रेक सोडला.
हातभर. थांब. हातभर. थांब.
मामू पुढं, दांडीच्या अंगाला, चढावर,
पोरं मुकाट ओट्यावर चढलेली,
बाजेवरचं म्हातारं पाय वर घेऊन बसलेलं.

साठ हातांना वीस मिनिटं लागली.

खाली बारवेच्या सपाटीला मी ब्रेक ओढला
आणि रोलरला हात घालणार,
तेवढ्यात मागं, नातवाच्या खांद्याला धरून
ओट्या-ओट्यानं उतरलेली सक्राबाई
अंधाराकडं तोंड करून म्हणाली,
"बरेक लागला. लाकूड नाही लागलं अजून."