डब्यातलं नाही

कर्वेनगरच्या निजसुऱ्यांनी डबा बंद केला
चार तारखेला. ॲपमधली खूण काढली,
आमच्याकडे नोंद आली: चालू – नाही.
तरी अकरा दिवस
दिगंबर त्यांच्या कडीला पिशवी अडकवत राहिला
आणि संध्याकाळी घासलेला डबा परत आणत राहिला.

बाराव्या दिवशी डब्यात चिठ्ठी. शाईपेनाची.
"भाज्या बऱ्या असतात. परंतु मी नाही म्हटलं होतं.
'नाही'चा आपल्याकडे काही वेगळा अर्थ असल्यास
कळवावे."

कुसुम तापकीरने चिठ्ठीचा फोटो मला पाठवला,
खाली नुसतं प्रश्नचिन्ह.

रात्रीचा दीड. बावधनची खोली, हायवेवर ट्रकांची घरघर.
मी ओळ ओळ खाली उतरत गेले.
वाक्यात गुंफून छापलं, तर पडद्यावर चोख 'नाही'.
फक्त कुणीतरी – मीच, मार्चमध्ये, घाईत –
त्याच्याआधी न्यू लिहिलं होतं.
म्हणजे नाही नुसतं ठेवलं नव्हतं,
डब्यात घालून ठेवलं होतं.

आणि जावास्क्रिप्ट उंबऱ्यावरच विचारते: काही आहे का?
डबा आहे. मग हो.
अशा वेळी झाकण उघडून बघायची तिची रीत नाही.
शून्याचा डबा, नाहीचा डबा, एकही अक्षर नसलेला डबा,
तिच्या लेखी सगळे भरलेले.

नुसत्या शब्दाला खिसा नसतो.
त्याची लांबी विचारली की यंत्र त्याला क्षणभर
कंपनीचं जाकीट चढवतं, उत्तर वदवून घेतं,
जाकीट टाकून देतं.
मी एकदा त्या जाकिटात 'तिखट कमी' ठेवलं होतं.
पुढच्याच ओळीवर विचारलं,
तर कसलं तिखट आणि कुठलं जाकीट.
चुकलात, असंही कुणी म्हणालं नाही.

सकाळी कुसुमताईच्या ओट्याशी उभी राहिले.
हे तिला कुठून सांगायला घ्यावं?
म्हटलं, दोन डब्यांत एकच मटकी घातली,
तरी यंत्र म्हणतं, हे एक नाहीत.
ती पोळी उलटत म्हणाली, "नाहीतच.
तो शेवाळे मॅडमचा, कडेला पोचा. हा वनाजचा, कडी सैल."
मटकी तर तीच आहे.
"मटकी कोण विचारतंय? भांडणं डब्यावरून होतात."

मला हे कळायला तीन वर्षं लागली होती.

न्यू खोडलं. इंग्रजीत तीनच अक्षरं.

मग निजसुऱ्यांना फोन. माफी, अकरा दिवसांचे पैसे,
सगळं पाठ करून ठेवलेलं.
"पैसे राहू द्या. जेवलोय मी."
थोडं थांबून:
"स्वयंपाक शिकायला घेतला होता. आमटी जमली, भातही.
तुमचा डबा आला की कणीक मळायची राहून जायची."

आता येणार नाही, मी म्हटलं.
नुसतं म्हटलं. मागेपुढे काही लावलं नाही.

पलीकडे कुकर शिटला.
"किती झाल्या हो या?" त्यांनी विचारलं.
मी एक ऐकली होती.
त्याआधीच्या
मला माहीत नव्हत्या.