पळायला भुई

वूच शहरात, बंद पडलेल्या कापडगिरणीच्या तिसऱ्या मजल्यावर
आम्ही पाच जण शत्रू घडवतो.
तळाशी बेकरी आहे. पहाटे चारला
खसखशीच्या पावाचा वास जिना चढून येतो
तेव्हा बोझिदार म्हणतो, चला, आणखी एकदा मरू.

मी केलेला पहिला शत्रू नुसता दांडगा होता.
आडवा, चिलखती, चारशे गोळ्या खाऊन
ढेकरही न देणारा.
मला वाटायचं, भीती म्हणजे वजन.
तिमोन दिवसा ट्रामच्या डेपोत ब्रेक तपासतो,
शनिवारी आमच्याकडे येऊन खेळून बघतो.
त्यानं एका हातात माऊस धरला, दुसऱ्यात सँडविच,
आणि दांडग्याला मारता मारता
खाली पडलेली काकडीची चकती
वाकून उचललीसुद्धा.
मी वहीत लिहिलं : कपाट.

मग त्याचं चिलखत काढलं.
त्याला एक श्वास दिला.
नेम धरण्याआधी छाती फुगते,
सेकंदाचे सात दशांश, तेवढंच.
त्या फटीत खेळणाऱ्याला सगळं ठरवायचं असतं :
डावीकडं की उजवीकडं, खांब की खिडकी,
उरलेल्या तीन गोळ्या आत्ता की नंतर.
शत्रूनं मारावं, पण आधी खाकरावं,
एवढा तरी सभ्यपणा हवा.

दुसरा केला गुडघ्याएवढा, धावत येणारा,
नजर खाली ओढायला.
तिसरा छताला चिकटणारा.
दोघांना एकदम सोडलं
आणि तिमोनचं सँडविच कागदातच राहिलं.

पण आठव्या लेव्हलला पहिले पाढे पंचावन्न.
तोच बोळ, तीच दारं, भिंतींना फक्त हिरवा रंग.
तिमोन म्हणाला, इथून मघाशी गेलो ना मी?
गेला नव्हता.
इथंच घोडं पेंड खात होतं.

जागा हे दोब्रोस्वावाचं काम.
ती फार बोलत नाही. पट्टी घेऊन गिरणीभर फिरते,
पायऱ्या मोजते,
कोळशाच्या तळघरात जाऊन एक टाळी वाजवते
आणि आवाज किती वेळानं परत आला ते लिहून ठेवते.
'तुला सतरावा शत्रू हवाय, ना?
मला तुझा बुटकाच दे. जिन्यात सोडते त्याला.'

मोकळ्या अंगणात जो विनोद होता
तो अरुंद वळणावर, वरच्या पायरीवरून
थेट तोंडासमोर आला.
कोडची एक ओळ न बदलता
त्याची उंची बदलली होती.

पळता भुई थोडी व्हायला
आधी थोडी भुई लागते.
ती किती, कुठं संपणारी,
कुठल्या दारापाशी पुन्हा रुंद होणारी,
हे ती खडूनं फरशीवर आखायची
आणि आम्ही त्यावरून खरंच पळायचो.
खालच्या मजल्यावरचा शिंपी छताला झाडू ठोकायचा.

आठवी लेव्हल तिनं पुसली आणि एकटीनं पुन्हा केली.
विणकामाचा जुना हॉल. शंभर माग. माणूस नाही.
'शत्रू कुठायत?'
'आधीच्या सातांत तू केलेस तेवढे पुरे.'
एक धोटा तेवढा, कुठंतरी, मधूनच हलतो.

तिमोन आत शिरला.
भिंतीला पाठ लावली. वर पाहिलं. खाली पाहिलं.
कोणीच नव्हतं, त्याच्यावर पहिली गोळी झाडली,
मग मागांवर, मग स्वतःच्या सावलीवर,
दाराशी पोचेतो बंदूक रिकामी.
हेडफोन काढून म्हणाला,
'हा सगळ्यांत वाईट होता. कोणी बनवला?'

बोझिदारनं माझ्याकडं पाहिलं, मी दोब्रोस्वावाकडं.
ती टेबलाखाली पट्टी शोधत होती.

नववीसाठी तिनं आज मला एक खोली दिलीय.
दार एकच, दोन्हीकडून उघडणारं.
पावाचा वास येऊन गेला, शिंपी उठला,
आणि माझं अजून ठरत नाहीय
आत आधीपासून कोण असावं.