दोन सेकंद

लोक माझ्याकडं भुतं घेऊन येतात.
भाऊसिंगजी रोडला दुकान. पासपोर्ट फोटो दहा मिनिटांत,
लॅमिनेशन, जुन्या फोटोंची दुरुस्ती,
आणि बोर्डावर न लिहिलेलं हे एक काम.

रंकाळ्यावर रात्री काढलेल्या फोटोत
पोरीच्या डोक्याभोवती पांढरे गोळे तरंगतात.
चिलटं आहेत ही, ताई. फ्लॅशच्या तोंडाशी आलेली.
पन्हाळ्याच्या बुरुजावर काळं वेटोळं उठलंय:
कॅमेऱ्याचा पट्टा, साहेब, तुमचाच, लेन्सपुढं लोंबलेला.

एकीच्या बारशाच्या फोटोत, कपाटाच्या काचेत,
गेलेली सासू उभी होती.
मी विचारलं, फोटो कुणी काढला?
"मीच."
मग काचेत तुम्हीच आहात. अंबाडा अगदी तसाच बांधता.
बाई उठल्या. पैसे किती, तेही विचारलं नाही.

मग दिवाळीआधी तालमीची रंगरंगोटी निघाली
आणि चौगुले सेक्रेटरी एक फ्रेम घेऊन आले,
पोत्यात गुंडाळून.
हातात धरायला कुणी तयार नव्हतं.

सन एकोणीसशे एकसष्ट. तेवीस पैलवान, मधे वस्ताद.
मागच्या रांगेत डाव्या कडेला चोविसावा.
त्याच्या छातीतून भिंतीवरची खुंटी दिसते,
खुंटीवर वाळत घातलेला लंगोटसुद्धा.
तोंडाच्या जागी धूर.
म्हणे हौद्यात मान मोडून गेलेला कुणी.
म्हणे फोटो उतरवला की तालमीत कुणाचा तरी खांदा निखळतो.
दर अमावस्येला फ्रेमखाली एक लिंबू.
मी मनात हिशेब केला: सातशेवर लिंबं.

काच काढली, धूळ पुसली, भिंग धरलं.
अंधारी तालीम, एकच झरोका, संथ प्लेट.
झाकण काढून फोटोग्राफर मोजत असणार,
एक, दोन, तीन, चार.
चारही आकडे जो थांबला तो दगडासारखा उमटला.
जो दोनाला निघाला
त्याच्या जागी उरलेली दोन सेकंदं भिंत येऊन बसली.

चौगुल्यांना पटेना.
मग मी भिंग खाली सरकवलं.
त्याच्या हाताशी एक घागर होती, तीही अर्धीच,
तिच्यातूनही भिंत दिसणारी.
भुताला घागर कशाला लागंल, चौगुले?
तेव्हा तालमीत पाणी कोण भरायचं?

गंगावेशीत, दूधकट्ट्यावर, संध्याकाळी
धारोष्ण दुधाचा ग्लास हातात, मिशीला फेस,
दस्तगीर मुल्लाणी, वय शहात्तर,
फोटो डोळ्यांपासून लांब धरून म्हणाले,
"मीच की ह्यो.
उभं ऱ्हा म्हणून कुनी सांगितलं न्हवतं. आपलाच घुसलो.
मग वाटलं, आपुन पानक्या, कुनी बघितलं तर?
घागर उचलली, आलो भाईर."
थोडा वेळ दूध प्यायले.
"आन् लिंबं मला? आरं, हौद्याच्या मातीत पिळायची हुती ती.
माती मऊ राहिली असती."

मग हळूच: "जरा गडद करून मिळंल काय?"

पाच मिनिटांचं काम, काँप्युटरवर.
रात्री बसलो. छाती भरायची तर खुंटी पुसावी लागत होती.
आणि चेहरा कुठून आणू?
अंधारातला असता तर उजळला असता,
हा तर वळत होता, दाराकडं.
आजच्या सुरकुत्यांवरून तेरा वर्षांचं पोर
बेतता येईलही. ते भूत मात्र खरं झालं असतं.

तसाच ठेवला. फक्त खालची नावांची पट्टी नवीन केली.
तेवीस नावांच्या शेवटी
दस्तगीर बाबालाल मुल्लाणी,
आणि कंसात: दोन सेकंद.

पुढच्या अमावस्येला चौगुले फ्रेमपुढं उभे होते, हातात लिंबू.
सवय, म्हणाले.
इकडंतिकडं बघितलं,
आणि खाली हौद्यात उतरले.