स्वभाव : एका ओळीत

फॉर्मवर स्वभावासाठी एकच ओळ आहे,
ठिपक्याठिपक्यांची, बोटभर.
नारायण पेठेत, झेरॉक्सवाल्याच्या वर, दुसऱ्या मजल्यावर
एकोणीस वर्षं मी ती भरते आहे :
मनमिळाऊ.
शांत व मनमिळाऊ.
एका इंजिनिअरने एकदा तोडून लिहिलं होतं, मन मिळाऊ.
मी जोडून दिलं.
आमचं कामच ते.

परचुरेबाई सांगतात, तापट असला तर लिही स्पष्टवक्ता,
आळशी असला तर समाधानी.
खोटं नाही म्हणायचं याला, इस्त्री म्हणायची.

शेजारच्या टेबलावर शाल्मली, वय तेवीस.
तिच्याकडे नवे शब्द.
"ताई, हा बघा, चालता-बोलता रेड फ्लॅग."
मला वाटलं, कुठल्यातरी पक्षाचा असेल.
मग तिने सगळे झेंडे समजावले.
वेटरशी नीट बोलतो, 'माझं चुकलं' म्हणू शकतो, तो ग्रीन.
आणि बेज म्हणजे धोका नाही, दिलासाही नाही,
नुसती एक खोड.
तेव्हा मला निम्मं पुणं दिसलं
बेज झेंडे खांद्यावर टाकून कर्वे रोडने निघालेलं,
दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालणारं,
पाटी दिसली की ऱ्हस्व-दीर्घासकट मोठ्याने वाचणारं.

तिचा स्वतःचा एक आहे, सौमित्र.
"तो गोल्डन रिट्रीव्हर, मी काळी मांजर."
म्हणजे?
"म्हणजे मी दिसले की तो सगळाच्या सगळा हलतो.
मी खिडकीत बसून बघते, किती हलतो ते."
म्हटलं, काळी मांजर आडवी गेली की आमच्यात
सात पावलं मागे जातात.
"तो सात पावलं पुढे आला, ताई."
यावर मी काही बोलले नाही.
सात पावलांचा दर आमच्या कार्यालयात वेगळा आहे,
पावतीसकट.

गुरुवारी वारज्याहून दिगंबर खळदकर आले.
एक्कावन्न. विधुर. पाण्याचे मीटर दुरुस्त करतात.
उंची, रक्तगट, फ्लॅटचं कर्ज फिटल्याचं साल,
सगळं भरभर लिहिलं.
स्वभावापाशी पेन उचललं
आणि बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले.
मग बारीक अक्षरात :
नक्की माहीत नाही. ती सांगायची.

शाल्मली खुर्ची सरकवत माझ्या खांद्यामागे आली.
वाचलं. तिच्या ओठांवर एक शब्द आला, परत गेला.
दुसरा आलाच नाही.
आतून परचुरेबाई : "मनमिळाऊ टाक आणि संपव!"

मी विचारलं, काय सांगायच्या?
ते टेबलाच्या कडेवरचं सोललेलं सनमायका
अंगठ्याने दाबत म्हणाले,
"सांगायची, तुम्ही जिन्यातले दिवे बंद करत वर येता.
मागून कुणी येत असेल
हे तुमच्या मनातच येत नाही."
अंगठा काढला. सनमायका पुन्हा वर आलं.
"आता चालू ठेवतो."

कॉम्प्युटर तेवढ्या ओळीत वीस अक्षरं घेतो.
जिन्यातला दिवा चालू ठे
इथे कर्सर अडला, लुकलुकत राहिला.
मी तसंच सेव्ह केलं.

ते गेल्यावर माझा फॉर्म उघडला.
आहे तो याच मशिनवर, दोन हजार नऊपासून,
दर दिवाळीला वय तेवढं बदलते.
शाल्मली म्हणाली, "सांगू तुम्ही कोण ते?"
नको म्हटलं.
मग दिवसभर वाटत राहिलं, विचारायला हवं होतं.

साडेसहाला खाली सौमित्र आला, हेल्मेटसकट हलत.
ती दोन-दोन पायऱ्या उतरत गेली,
अजिबात मांजरासारखी नाही.
मी मागून. पहिल्या मजल्यावर
सवयीने हात बटणाकडे गेला.
वर परचुरेबाई अजून कुलपाशी झटत होत्या.