शिंगातले हिवाळे

पाहुण्याचं नाव ऑटमार. वय एकाहत्तर.
चार पावलं चालतो, थांबतो,
बर्फाकडे असा बघतो, जणू त्यानंच याचा श्वास उसना नेलाय
आणि परत द्यायचं नाव काढत नाही.
त्याची बंदूक माझ्या खांद्यावर,
दुर्बीण माझ्या गळ्यात,
औषधाच्या गोळ्या, त्याही माझ्याच खिशात.
त्याच्याकडे फक्त तो स्वतः,
तेवढंच त्याला जड होतंय.

सहा दिवस झाले.
पहिल्या दिवशी वारा पाठीशी होता,
म्हणजे आमच्या विरुद्ध.
दुसऱ्या दिवशी लांडग्यांनी आमच्याआधी दरी झाडून काढली.
मग तीन दिवस धुकं, जीप, पत्ते,
दुभाष्या शोदमॉन दोन्ही भाषांत घोरत होता.
रात्री तेरेस्केनची मुळं जाळायची,
खारट चहात याकचं लोणी,
आणि ऑटमार भिंतीकडे तोंड करून बायकोशी बोलायचा.
फोनला रेंज नव्हती.
मी विचारलं नाही.

आज सकाळी, खिंडीखाली,
नऊ नर.
उन्हात पंचायत भरल्यासारखे बसलेले, रवंथ करत.
दोन तास पोटावर सरपटलो.
"डावीकडून तिसरा," मी म्हटलं, "तो म्हातारा.
दुसरा कुठलाही नाही.
तरणा मारलास तर पुढच्या वर्षी मी काय दाखवू?"
शेवटचं वाक्य शोदमॉननं गिळलं.

गोळी सुटली.
डोंगरांनी तो आवाज एकमेकांकडे ढकलला,
कुणालाच ठेवून घ्यायचा नव्हता.
आठ जण उठले, चढ चढून आकाशात गेले.
नववा उठला,
काहीतरी विसरल्यासारखा थांबला,
आणि पुन्हा बसला.

ऑटमार रडला.
टोपी काढली.
फोटोसाठी परत घातली.

मी हातमोजा काढून शिंगावरून बोट फिरवलं,
टोकापासून बुडापर्यंत.
एकेक कडं, एकेक हिवाळा.
पहिली तीन रुंद. गवताची वर्षं ती,
ऊलकान तेव्हा नवी नवरी होती.
पाचवं नखाएवढं.
तो हिवाळा मला पाठ आहे:
बर्फावर पाऊस पडला, वर काचेचा पापुद्रा धरला,
याकांना खुरानं तो फुटेना,
चव्वेचाळीस होते, सात उरले,
आणि मी मॉस्कोला फरशा पुसायला गेलो.
म्हणजे तूही इथंच होतास.
याच उतारावर खरवडत होतास
मी रेल्वेत बसलो तेव्हा.
सातव्या कड्यात मी परतलो.
शिंगाला त्याची काही खबर नाही.
अकरावं अजून पुरतं उमटलं नव्हतं.

"काय म्हणतोय तो?" ऑटमारनं विचारलं.
मी बरंच काही बोललो असणार.
शोदमॉननं सांगितलं, "अकरा."

मग टेप.
एकशे एकोणचाळीस.
याच्या मित्राच्या शेकोटीवर एकशे चाळीसचं डोकं टांगलंय,
हे मला पहिल्या रात्रीच कळलं होतं.
टेप ओल्या शिंगावर जरा सैल धरली,
अंगठा थोडा सरकला.
एकशे चाळीस आणि अर्धा.
पैशासाठी नाही, पैसे केव्हाच कंपनीकडे गेलेत.
सहा दिवस ज्याचा श्वास मोजला
त्याला दीड सेंटीमीटर देता येतो.

डोकं त्याचं, मांस आमचं, असा इथला रिवाज.
या उंचीवर पाणी उतावळं, उकळतं लवकर, शिजवत काही नाही.
म्हणून ऊलकाननं मुरगाबच्या बाजारातून चिनी कुकर आणलाय.
आठ शिट्ट्या झाल्या,
तरी म्हातारं मांस दाताला दाद देईना.
ऑटमारनं तिसऱ्यांदा वाढून घेतलं,
मग जरा सरकला,
शेजारी गादीवर एका माणसापुरती जागा ठेवून.
ऊलकाननं त्याच्याकडे पाहिलं
आणि तिथंही एक वाडगं ठेवलं.

ते निवेपर्यंत कुणी बोललं नाही.
नंतर ते मी खाल्लं.