देवदूताची उरलेली बाजू

रात्रपाळीला मी एकटा.
मी, कॉफीचं यंत्र, आणि उंबऱ्याच्या फरशीत
कुण्या तंबाखूच्या व्यापाऱ्यानं जडवून घेतलेलं
लॅटिनमधलं स्वागत,
ज्यावर शंभर वर्षं लोकांनी बूट पुसले.

ती आली साडेनऊला,
एका चाकानं लंगडणारी बॅग ओढत.
लामारा दोलिद्झे, पासपोर्टावर वय अडुसष्ट.
थेस्सालोनिकीत एकोणीस वर्षं
दुसऱ्यांच्या आया तिनं न्हाऊ घातल्या, निजवल्या,
दोघींचे डोळेही मिटले.
‘बाल्कनीची खोली रिकामी आहे, त्याच दरात,’ मी म्हटलं.
‘पाच नंबर,’ ती म्हणाली. ‘पैसे पाचचे भरलेत.’

जिना चढताना सातव्या पायरीला
तिनं पाऊल जरा उंच उचललं.
ती पायरी दुरुस्त होऊन चार वर्षं झाली.

मॅनेजर नातिया आमच्याकडून घोकून घेते:
छत मूळ, सोनेरी वेल मूळ, देवदूत मूळ.
मधल्या सत्तर वर्षांवर पत्रकात एकच ओळ:
‘या काळात वास्तूचा वापर निवासासाठी झाला.’

दोनच्या सुमाराला ती खाली आली,
पायांत हॉटेलच्या पांढऱ्या सपाता, अंगात स्वतःचा स्वेटर.
‘झोप नाही?’
‘छत बघत होते.’
आणि सांगत सुटली, न विचारता,
जसं माणसं फक्त रात्रपाळीच्या माणसाला सांगतात.

आठ बिऱ्हाडं. स्वयंपाकघर एक, दिवे आठ,
ज्याचं बटण त्याच्या खोलीत.
दिवाणखाना मधोमध कापलेला,
फळ्या, चुना, पोकळीत कोंबलेली वर्तमानपत्रं.
भिंत नेमकी देवदूताच्या कमरेवर आली.
‘आमच्या वाट्याला पाय.
गुबगुबीत, अनवाणी, डाव्या अंगठ्याला पोपडा.
तोंड पलीकडे, मिर्झोयानांकडे.’
आणि मिर्झोयानांशी अबोला,
कोणी कोणाच्या दिव्याखाली भांडी घासली म्हणून,
अकरा वर्षं.

त्यांचा रुबेन फटीला ओठ लावून बोलायचा.
एक अक्रोड सरकवला की एक बातमी.
‘म्हणाला, त्याला मिशा आहेत.
मी सात वर्षांची. पटलं.
पुढे नवरा केला, मुलगी झाली, देश सोडला,
तरी ते पुरतं खोटं वाटलं नाही मला कधी.’
मग एका हिवाळ्यात मिर्झोयान पलंगांसकट गेले.
कुठे, ते कळलं नाही. अबोला होता ना.

तिनं चष्मा काढून काउंटरवर ठेवला.
‘खरं सांग पोरा. वर जे तोंड आहे, ते तेच का?’

‘मूळ’ हा शब्द माझ्या जिभेवर तयार होता.
तो मी गिळला.
वाझाला मी पाहिलंय, परांचीवर उताणा पडलेला.
ओलीनं तोंड केव्हाच खाल्लं होतं,
हनुवटीचा एक तुकडा शिल्लक.
आठवडाभर तो नुसता सिगरेटी ओढत बसला,
आणि शेवटी समोरच्या बेकरीतली
पावावर पाणी शिंपडणारी मुलगी काढली.

ती हसली. काउंटर धरून, आवाज दाबून,
वरच्या पाहुण्यांची झोप मोडू नये म्हणून
बाही तोंडात धरून हसली.
‘म्हणजे मिशा असतीलही!’

सकाळी बिल चुकतं करून ती टॅक्सीत बसली.
अकराला इझोल्डानं मला वर बोलावलं.
पाच नंबरच्या जमिनीत नव्या ओकची वीतभर पट्टी आहे,
भिंत होती तिथं. पलंग आम्ही पट्टीपलीकडे मांडतो.
पलंगाची घडीही मोडली नव्हती.
पांघरूण, उशी, सगळं अलीकडे जमिनीवर,
त्या दोन पायांच्या बरोबर खाली.
आणि पट्टीपल्याड, गालिच्यावर, एक अक्रोड.

‘याचं काय करू?’ इझोल्डानं विचारलं.
विसरलेल्या वस्तूंच्या वहीत मी लिहिलं:
अक्रोड, नग एक.
मालकाच्या रकान्यात: रुबेन मिर्झोयान.
पत्ता कोरा ठेवला.